घरचा बैल सांगायचा नसतो

कळमनुरीच्या बैलबाजारात फुलसिंग राठोड बैल कसा बघतो, हे बघायलाच माणसं थांबत. तो आधी बैलाकडे बघायचाच नाही. मालकाशी पाऊसपाण्याचं बोलायचा, चिमूटभर तंबाखू मागायचा, चार पावलं पुढे निघून जायचा आणि काहीतरी विसरल्यासारखा परत येऊन एकदम बैलाच्या जबड्यात हात घालायचा. दात मोजून झाले की खांद्यावरून हात, मग पाठीवरून, मग खुरं. हे सगळं करताना चेहरा असा की, बैल फुकट दिला तरी हा माणूस नेणार नाही.

त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडले होते. फुलसिंगच्या वाट्याला कळमनुरीजवळच्या तांड्यावरची सहा एकर जमीन आली होती. ती कसून उरलेल्या वेळात तो हेडीपणा करायचा, म्हणजे बैलांच्या सौद्यातली दलाली. शेती पोटासाठी होती, हेडीपणा जिवासाठी. पन्नाशी गाठली तरी बाजाराच्या दिवशी तो नवरदेवासारखा पटका बांधून निघायचा.

त्याचा एक नियम होता आणि तो त्याने संतराम नावाच्या शेतकऱ्याला शिकवला, तो प्रसंग बाजारात बरेच दिवस सांगितला जात होता. संतरामचा एक बैल पेरणीच्या तोंडावर साप चावून गेला. बिचारा बाजारात आला आणि दिसेल त्याला सांगत सुटला, "माझा जोडीतला एक गेला हो, घरी एकटाच हाय, त्याला जोड पायजे." जो तो आपल्या बैलाची किंमत वाढवून सांगू लागला. फुलसिंगने त्याचा दंड धरून त्याला चहाच्या टपरीवर नेऊन बसवलं.

"येडं हायत का तुमी? घरी एकटा बैल हाय हे बाजारात सांगतेत व्हय? ज्याला तुमची नड कळली, त्यानं तुमचं मानगूट धरलं. घरचा बैल सांगायचा न्हाई. बरं नसलं तरी बरंच हाय म्हणायचं."

पुढच्या बाजारी फुलसिंगने घरच्यासारखाच पांढरा, तशाच शिंगांचा बैल संतरामला निम्म्या किमतीत घेऊन दिला. सौदा होईपर्यंत संतरामला त्याने टपरीवरून उठू दिलं नाही.

बैलापुरता हा नियम सोळा आणे खरा होता. फुलसिंगची गंमत अशी की त्याने तो सगळ्या आयुष्याला लावला. दवाखान्यात गेला तर कुठे दुखतंय हे डॉक्टरला सांगायचा नाही, "तुमीच वळखा, डाक्टर तुमी हायत," म्हणायचा. कळलं तर फी वाढवेल ना! पंचवीस वर्षं संसार करून बायकोला, भिकाबाईला, आपल्या हातची भाजी याला आवडते की नाही याचा पत्ता नव्हता. ती म्हणायची, "या माणसाला भूक लागली का न्हाई हे मला ताटावरून कळते, तोंडावरून न्हाई."

अशा माणसाच्या घरात दोन हजार तीन साली कॉम्प्युटर आला, तोही बैलबाजाराच्याच वाटेने. कळमनुरीतल्या एकाचा कॉम्प्युटर क्लास बसला आणि त्याला गावी जाऊन दुधाचा धंदा करायचा होता. फुलसिंगकडे दुसऱ्या वेताची म्हैस होती. एका दुपारी म्हैस तिकडे गेली आणि डबा, टीव्हीसारखा पडदा आणि खेळांच्या चार सीड्या इकडे आल्या. भिकाबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जी बोलायला लागली, ती अजून बोलतेच आहे. "म्हशीनं दूध तरी दिलं असतं," हे वाक्य त्या घरात दिवा लावल्यासारखं रोज संध्याकाळी व्हायचं.

कॉम्प्युटर आणला होता मिनासाठी. एकुलती एक लेक, दहावीला गेलेली, हुशार. अभ्यासाला लागतो म्हणून आणला आणि तिने पहिल्याच आठवड्यात त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला. पडद्याचे वर-खाली दोन भाग व्हायचे, वर एकाची गाडी, खाली दुसऱ्याची, आणि कीबोर्ड मात्र एकच. मिनाने बापाला हाताला धरून शेजारी बसवलं. बाणांच्या बटणांवर तिची बोटं, अक्षरांच्या बटणांवर त्याची.

फुलसिंग गाडी हाकायचा ती बैलगाडीच. वळण आलं की सबंध अंग वळवायचा. चढ आला की पुढे झुकून गाडीला धीर द्यायचा, "हां राजा, हां." उतारावर जिभेने चक् चक् करायचा. पुढून कोणी आलं तर वाट द्यायला थांबायचा. मिना हसून हसून बाणांवरची बोटं सोडायची, तरी जिंकायचीच. तीन वर्षं, लाइट असेल त्या प्रत्येक संध्याकाळी, भाकरी थापायच्या आवाजात बापलेक खांद्याला खांदा लावून बसले आणि तीन वर्षं फुलसिंग हरला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. बाजारात एक रुपया सोडताना ज्याचा जीव जायचा, तो माणूस रोज हरायला पाय धुऊन बसायचा.

दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये मिना इंजिनिअरिंगला औरंगाबादला गेली. कॉम्प्युटरवर भिकाबाईने जुन्या लुगड्याचा तुकडा झाकला. एका संध्याकाळी फुलसिंगने तो उचलून एकट्याने खेळून पाहिलं. खेळाने खालच्या गाडीला कोणी खेळणारा नाही म्हणून ती सुरुवातीच्या रेषेवरच उभी ठेवली. फुलसिंग पहिल्यांदा शर्यत जिंकला. त्याने बटण बंद केलं आणि बाहेर बैलांना वैरण टाकायला गेला, जी अर्ध्या तासापूर्वीच टाकून झाली होती.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मिनाचा फोन आला. घरी बापलेक गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलायची, बाजारात फुलसिंग मराठीत आणि शहरात हिंदीत. आपण घरचं सगळं इथल्या मराठीतच ऐकू.

"बापू, त्या गाड्यांच्या खेळाचा नवा भाग आला. होस्टेलच्या पोरींचं लई डोकं खाल्लं त्यानं. एकदम खरं दिसते सगळं, पाऊस पडला तर रस्ता चमकते."

"मंग आण की."

"आपल्याकडं न्हाई चालणार. आपला डबा जुना हाय. राहू द्या. निताच्या घरी हिंगोलीला नवा घेतला. आठ दिवसाची सुट्टी हाय, त्यातले चार दिवस मी तिच्याकडं राहीन म्हणते. जाऊ ना?"

"जाय की," फुलसिंग म्हणाला. "आमी काय करून राहिलो हितं? सोयाबीनच काढायलोत."

फोन ठेवला आणि तो बोटांवर दिवस मोजायला लागला. आठ दिवसांतले चार. पोरगी तीन महिन्यांनी येणार आणि त्यातली निम्मी निताकडे. निता शाळेपासूनची मैत्रीण, चांगली पोरगी, तिच्यावर राग धरायलासुद्धा जागा नव्हती. राग धरता येत होता तो फक्त डब्यावर. फुलसिंगने मनाशी ठरवलं की डबा सुधारायचा. मिना यायच्या आत, तिला न सांगता. खेळ घरीच चालला की पोरगी घरी राहील. हिशेब सरळ होता.

तांड्यावरचाच त्याचा पुतण्या प्रेमदास कळमनुरीच्या दुसऱ्या एका क्लासमध्ये शिकवायचा. फुलसिंग त्याच्याकडे गेला, अर्धा तास कापसावर बोलला आणि उठता उठता म्हणाला, "समज, एखाद्याला गाड्यांचा नवा खेळ चालवायचा असला, तर त्याला काय काय लागंल?"

प्रेमदास काही खुळा नव्हता. त्याने चिठ्ठी लिहून दिली. एक, पाचशे बाराची रॅम, म्हणजे कामाच्या वेळची आठवण, जास्त असली की डबा अडखळत नाही. दोन, एकशे अठ्ठावीसचं ग्राफिक कार्ड, म्हणजे चित्र ओढणारा बैल. हे त्याने काकाला कळावं म्हणून असं सांगितलं आणि त्याला नंतर पस्तावा झाला. तीन नंबरला खाली रेघ मारून लिहिलं: आधी मदरबोर्ड बघा.

"काका, ती मदरबोर्ड म्हंजे आतली पाटी. हे दोन्ही त्या पाटीत बसायला पायजे. नव्या पाटीचा माल वेगळा, जुन्या पाटीचा वेगळा. तुमी असं करा, डबाच घेऊन जा दुकानात. उघडून दाखवा."

फुलसिंगने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं त्या दिवशी संतरामकडे पाहिलं होतं. "घरचा बैल बाजारात न्यायचा? आन् दाखवायचा, की बघा, माझा हा असा हाय, ह्याला जोड द्या?"

"काका, तिथं बैल न्हाई."

"दुकानदार तर हाय ना?"

हिंगोलीत गुलाबचंद शेठचं दुकान होतं. आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं, आता कॉम्प्युटरचं. गोल चेहऱ्याचा, गळ्यात चष्मा लटकवलेला माणूस. फुलसिंग पटका बांधून, पाच हजार रुपये बंडीच्या आतल्या खिशात घालून गेला. पाच हजार हा त्याचा बैलांच्या मोसमाचा सगळा फायदा. त्याच्यावर एक पैसा चढवायचा नाही, ही भिकाबाईची अट. तिला एवढंच सांगितलं होतं की डब्याला दुरुस्ती आहे.

दुकानात गेल्यावर फुलसिंगने बॅटरीच्या सेलांची चौकशी केली. मग पंख्यांची. मग भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीफ केली. गुलाबचंद कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, तेव्हा फुलसिंग सहज म्हणाला, "वो ग्राफिक कारड कैसा दिया?"

गुलाबचंदने तीन खोकी समोर ठेवली. फुलसिंगने पहिलं कार्ड हातात घेतलं. वजन केलं. उलटं केलं. वरचा छोटा पंखा बोटाने फिरवून पाहिला, श्वास बरा होता. मग खालची कड डोळ्यांजवळ नेली. तिथे बारीक बारीक सोनेरी पट्ट्यांची रांग होती. फुलसिंगचा चेहरा उजळला आणि त्याने तो लगेच मिटवला. तो दात मोजायला लागला.

"क्या देख रहे हो?" गुलाबचंदने विचारलं.

"दात."

गुलाबचंदने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मशीन कौनसा है आपका? पुराना है तो स्लॉट अलग रहता है, नया है तो अलग."

घ्या! आला मुद्द्यावर. फुलसिंग मनात हसला. हा बाजार त्याला पाठ होता. जुना म्हटलं की या माणसाला कळणार, घरी लंगडा बैल आहे, हा काहीही मोजेल.

"नया है," तो म्हणाला. "एकदम नया. पिछले सालका."

"पक्का?"

"अरे शेठ, आठ दिन हुआ होता तो भी इतनाच चमकता."

आता एक गोष्ट फुलसिंगच्या बाजूने सांगायलाच हवी. सगळ्यात महागडं कार्ड घेतलं असतं तर रॅमला पैसे उरत नव्हते. दुकानातली दोन पोरं त्याला तेच घ्या म्हणत होती. फुलसिंगने मान हलवली. एक बैल हत्तीसारखा आणि दुसरा मेंगळा असला की गाडी बांधाला जाते, जोरवाल्याचा जोरही फुकट जातो. त्याने मधलं कार्ड निवडलं आणि रॅम घेतली तीसुद्धा एक मोठी न घेता, एकसारख्या दोन. गुलाबचंद म्हणाला, "ये बराबर किया. इंजिनेर लोग को भी नहीं समझता." निवड खरोखर चोख होती. दात मोजले, वजन पाहिलं, जोड पाहिली. फक्त ते बांधायचे कोणत्या गोठ्यात, एवढंच खोटं सांगितलं होतं.

सौद्याची वेळ आली तेव्हा फुलसिंगने खांद्यावरचा रुमाल काढून गुलाबचंदच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच होतो. इतकी बोटं दाबली की इतके हजार, बोटाचं इतकं पेर की इतके शे, तोंडाने काही बोलायचं नाही. गुलाबचंदने हात झटक्याने मागे घेतला.

"ये क्या कर रहे हो? दोनों मिलके पाच हजार दो सौ!" तो मोठ्याने म्हणाला.

सगळ्या दुकानासमोर, उघड उघड भाव! फुलसिंगचे कान तापले. तरी त्याने दोनशे तोडलेच. बिलावर खाली छापलं होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. गुलाबचंदने त्यावर बोट ठेवून सांगितलं, फुलसिंगने मान डोलावली आणि जीपमध्ये खोकी मांडीवर घेऊन बसला. कळमनुरी येईपर्यंत त्याला आतून गुदगुल्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी प्रेमदास आला, चार स्क्रू काढले आणि डबा उघडला. आत बोटभर धूळ आणि पालीचं एक अंडं. प्रेमदासने आधी धूळ पुसली, मग पाटी पाहिली, मग हातातलं कार्ड पाहिलं, मग काकाकडे पाहिलं.

"काका, तुमी काय सांगितलं त्याला?"

"काहून?"

"हे बसत न्हाई. खाचच वेगळी हाय. रॅमबी बसत न्हाई. सगळा नव्या पाटीचा माल हाय."

"जोर लाव थोडा. नवा बैल पयल्या दिवशी जुवाखाली मान घालत न्हाई."

"जोर लावला तर दोन्ही मोडतीन."

फुलसिंग उकिडवा बसून त्या उघड्या डब्यात बराच वेळ बघत राहिला. सोनेरी दात मोजणाऱ्या हातांना काय करावं ते सुचेना. दारातून भिकाबाईने सगळं ऐकलं होतं. ती जवळ आली, आत डोकावली आणि म्हणाली, "म्हशीनं दूध तरी दिलं असतं." पण आज तिच्या आवाजात रोजचा जोर नव्हता.

बैलाच्या सौद्यात आठ दिवसांची बोली असते. बैल कामाला चालला नाही तर परत. त्या बोलीच्या जोरावर फुलसिंग दिवाळीच्या तीन दिवस आधी खोकी घेऊन हिंगोलीला गेला. दुकानासमोरच्या लिंबाखाली उभा राहिला. आत गुलाबचंद दिसत होता. आत जायचं तर काय म्हणायचं? मी खोटं बोललो, असं? पंचवीस वर्षं बाजारात त्याच्या शब्दावर बैल हलले होते. घरच्या बैलाचं तो कधी सांगत नव्हता, पण सौदा झाल्यावर मागे फिरणारा हेडी म्हणून त्याला कोणी ओळखत नव्हतं. तासभर उभा राहून तो पावशेर जिलेबी घेऊन परत आला आणि खोकी ज्वारीच्या कणगीत दडवली. पाच हजार गेले, दुसरं कार्ड घ्यायला दमडी नव्हती. चार दिवस निताचे झाले, असं त्याने धरून टाकलं.

मिना आली. अंगाने वाळली होती आणि केस बारीक कापले होते. अमावास्येच्या संध्याकाळी तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी ताटात दिवा घेऊन घरोघर मोठ्यांना ओवाळत, मागणं मागत फिरतात, त्याला मेरा म्हणतात. मिना त्यांच्यात सगळ्यात पुढे होती. आपल्या दारात आली तेव्हा दिव्याच्या उजेडात फुलसिंगने तिच्याकडे पाहिलं आणि ओवाळणी टाकायला विसरला. भिकाबाईने कोपर मारलं तेव्हा खिशात हात गेला.

कॉम्प्युटरवरचं लुगडं कोणीच उचललं नाही. मिनाने एकदा विचारलं, "बापू, खेळता का न्हाई कधी?" तो म्हणाला, "कुठला येळ?"

तिसऱ्या दिवशी सकाळी ती निताकडे जायला पिशवी भरायला लागली. फुलसिंग अंगणात दोर वळत होता. वळलेला दोर पुन्हा उकलून वळत होता. भिकाबाईला बाजाराचा कुठलाच नियम लागू नव्हता. ती कणगीत खांद्यापर्यंत हात घालून खोकी काढून आली आणि मिनाच्या पिशवीवर आपटली. ज्वारीचे दाणे घरभर उडाले.

"जाताजाता तुज्या बापाचा हा मालबी घेऊन जाय हिंगोलीला. पाच हजाराची ज्वारी हाय ही, पेरली तर उगवत न्हाई."

मिनाने खोक्यावरचं वाचलं. मग बाहेर आली. "बापू, हे कवा आणलं?"

"झाले आठ दिवस."

"आपल्याला बसत न्हाई हे."

"मायत हाय."

"मंग काहून आणलं?"

"बाजारात दिसलं बरं," फुलसिंग म्हणाला आणि दोर वळत राहिला.

बाप मिनाला ठाऊक होता. ती आत गेली, कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढल्या, डबा गोधडीत गुंडाळला आणि म्हणाली, "उठा. दुकानात जाऊ."

"हा डबा घेऊन?"

"व्हय. हाच घेऊन."

काळ्यापिवळ्या जीपमध्ये अठरा माणसांत तो डबा फुलसिंगच्या मांडीवर बसून हिंगोलीला गेला. आयुष्यात पहिल्यांदा घरचा बैल बाजारात चालला होता, तोही गोधडी पांघरून. मिनाच्या पायाशी तिची कपड्यांची पिशवी होती, कारण दुकानातून निताचं घर पाच मिनिटांवर होतं. फुलसिंग सबंध रस्ता त्या पिशवीकडे बघत होता.

गुलाबचंदने डबा उघडून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "ये नया मशीन है? ये तो मेरे दुकान से भी पुराना है! आपने क्या बोला था? पिछले सालका!"

मिनाने बदलून मिळेल का विचारलं. गुलाबचंदने बिलावरच्या छापील ओळीवर बोट ठेवलं. दुकानात दिवाळीची गर्दी होती, पाच-सहा माणसं वळून बघायला लागली.

"बदलने का बाद में देखेंगे," तो फुलसिंगला म्हणाला. "पहले ये बताओ, झूठ क्यूं बोला? मैं पूछ रहा था ना, स्लॉट कौनसा है?"

फुलसिंगने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठावर नेहमीची चार वाक्यं तयार होती. पाव्हण्यासाठी घेतलं होतं, दुसऱ्या डब्याचं होतं, लक्षात नव्हतं. त्याने उघड्या डब्यात पाहिलं, जिथे प्रेमदासने पुसली होती तेवढी पाटी हिरवी दिसत होती.

"शेठ," तो म्हणाला आणि हिंदी सोडून बाजारातल्या मराठीवर आला. "आमच्या बाजारात घरी एकटा बैल हाय हे सांगत न्हाईत. भाव वाढते. म्हणून न्हाई सांगितलं. ही माझी पोरगी. तीन म्हैन्यानं आली आठ दिवसासाठी. त्यातले चार दिवस मैत्रिणीकडं जाणार, का तर हा खेळ तिच्याकडं चालते. आमच्याकडं चालला असता तर घरी राहिली असती. करमत न्हाई तिच्याबिगर. ह्याच्यासाठी घेतलं सगळं. बस. हाच माझा एकटा बैल. आता काय भाव लावायचा तो लावा."

एवढं बोलून त्याने पटक्याच्या शेवाने तोंड पुसलं. मागे वळून मिनाकडे बघायची हिंमत झाली नाही.

गुलाबचंदने चष्मा काढून पुसला. मग आतल्या खोलीत गेला. बराच वेळ खोकी सरकवल्याचे आवाज आले. बाहेर आला तेव्हा हातात धुळकट खोकं होतं, जुन्या खाचेचं कार्ड. "आखरी पीस है. कोई नहीं लेता अब." जुन्या जातीच्या दोन रॅम त्याच्याकडे होत्याच. त्याने कार्ड स्वतःच बसवलं. टक् असा बारीक आवाज झाला आणि सोनेरी दात खाचेत गेले.

"कितीचा फरक?" मिनाने पर्समध्ये हात घालत विचारलं.

गुलाबचंदने तिला हातानेच थांबवलं. टेबल पुसायचं फडकं उचललं, फुलसिंगच्या हातावर टाकलं आणि फडक्याखाली त्याची बोटं धरली. त्याला त्यातलं काहीएक येत नव्हतं. त्याने भलतीच बोटं भलत्याच पद्धतीने दाबली, त्या खुणेचा भाव बैलबाजारात लाखभर झाला असता. फुलसिंगला मात्र काय ते कळलं. त्याने मान हलवली, मग पुन्हा हलवली, आणि खिशात हात घालायची गरज पडली नाही. फडक्याखाली काय ठरलं हे मिनाला त्याने पुढे कधीच सांगितलं नाही.

दुकानाबाहेर लिंबाखाली दोघं उभी राहिली. फुलसिंगने डबा काखेत धरला होता.

"चल," तो म्हणाला, "तुला निताकडं सोडतो."

मिना जागची हलली नाही. तिचे डोळे भरले होते आणि ती हसायचा प्रयत्न करत होती. "बापू, फोनवर मी विचारलं होतं तुमाला, जाऊ का म्हणून. जाय म्हणाले तुमी."

"मंग काय म्हणू?"

"करमत न्हाई म्हणायचं. मी निताचं नावच काढलं नसतं."

"तसं सांगितलं असतं तर तुजा भाव वाढला असता," तो पुटपुटला.

"वाढू द्यायचा ना, बापू."

फुलसिंगने डबा दुसऱ्या काखेत घेतला. मिनाने पिशवी खांद्यावर टाकली आणि कळमनुरीच्या जीपकडे चालायला लागली. निताला तिने जीपमधूनच फोन केला आणि तांड्यावर बोलावून घेतलं.

निताकडे खेळायला म्हणून होस्टेलवरून आणलेली सीडी मिनाच्या पिशवीतच होती. नव्या खेळात पाऊस पडला की रस्ता खरंच चमकत होता. फुलसिंग ओल्या रस्त्यावर बैल घसरेल म्हणून हळू हाकत राहिला आणि पाचही संध्याकाळी हरला. निता आली त्या दिवशी तिच्याकडूनही हरला. भिकाबाईने भाकरी थापता थापता विचारलं, "म्हशीची भरपाई झाली का?" आणि उत्तराची वाट न बघता तीही येऊन मागे उभी राहिली.

आठव्या दिवशी हिंगोलीच्या बसस्थानकावर औरंगाबादची एसटी लागली. फलाटावर बाजाराची माणसं होती, संतरामही होता. मिना खिडकीत बसली. गाडी सुरू झाली, तसा फुलसिंग खिडकीच्या बाजूने चालायला लागला.

"होळीला ये," तो ओरडला. "लवकर ये. घर खायला उठते!"

सबंध फलाटाने ऐकलं. संतरामने तंबाखू मळायचं थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

"हेडी," तो म्हणाला, "असं उघड सांगतेत व्हय?"

"सांगावं," फुलसिंग म्हणाला आणि गाडी वळेपर्यंत हात वर धरून उभा राहिला.